एकच ठेवायची तर कोणती?

यंदा मे महिन्यात सुटीला घरी पोहोचलो, त्याच रात्री जेवताना बाबांनी विषय काढला.

आमचं घर दुर्गच्या पद्मनाभपूरला, म्हणजे भिलाईला लागूनच. आजोबा 1966 साली वर्ध्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांच्याकडे जुना शस्त्रपरवाना आहे. त्यावर पूर्वी तीन हत्यारं होती : बारा बोरची दुनळी, .22 ची रायफल आणि .315 ची रायफल. 2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. एका परवानाधारकाने तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची असं ठरलं. तेव्हा आजोबांनी दुनळी जमा करून टाकली. आता त्यांना ऐंशीवं लागलं आहे आणि उजवा हात थरथरतो.

बाबा म्हणाले, "दोन्ही देऊन टाकू. कपाटाची किल्ली सांभाळण्यातच आयुष्य जातं."

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी भात चिवडायला सुरुवात केली. मग आजीनेच तोडगा काढला, "एक ठेवा, एक द्या." सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला आपलं हत्यार वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो, तेव्हा ते बाबांच्या नावावर होऊ शकतं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण एकच. कोणती, ते तुम्ही आजोबा-नातू ठरवा. मला कारणासकट सांगा. 'आवडते' हे कारण चालणार नाही."

मला .315 हवी होती, हे आधीच कबूल करतो. परवान्यासाठी 21 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे मला अजून सहा वर्षं आहेत. पण रायफल घरात राहिली तर कधीतरी माझी होईल, असा माझा साधा हिशेब होता.

शाळेत आपल्याला कोणताही प्रश्न सोडवताना आधी उद्देश, मग घटक, मग पर्याय आणि शेवटी निर्णय, असं लिहायला शिकवतात. मी वहीचं कोरं पान घेतलं आणि वर लिहिलं : "उद्देश – मध्य भारताच्या जंगलात सगळ्या कामांना चालेल अशी एक रायफल निवडणे." त्यानंतर दहा दिवस मी जे वाचलं, मोजलं आणि आजोबांना विचारलं, ते या लेखात सांगतो.

काडतूस म्हणजे चार वस्तू

रायफल निवडणं म्हणजे खरं तर काडतूस निवडणं. लाकडी दस्ता, नळी, बोल्ट हे सगळं त्या काडतुसाभोवती बांधलेलं असतं. काडतुसात चार वस्तू असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत बाराची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोड्याची पिन टोपीवर आदळते, ठिणगी पडते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला पुढे ढकलतो. नळीच्या आतल्या बाजूला मळसूत्रासारखे आटे असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्यासारखी सरळ राहते. बारा बोरच्या बंदुकीत आटे नसतात. ती छर्रे उडवते, म्हणून चाळीस-पन्नास पावलांपलीकडे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

नावातले आकडे पहिल्यांदा गोंधळात टाकतात. .315 म्हणजे नळीचा आतला व्यास 0.315 इंच. 25.4 ने गुणलं की बरोबर 8 मिलिमीटर येतात. म्हणूनच जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव '8 एमएम' असंही असतं. आमच्याकडे बहुतेक सगळे तिला 'तीन सौ पंद्रह' म्हणतात. हा व्यास आट्यांच्या उंचवट्यांमध्ये मोजलेला असतो. गोळी त्याहून किंचित जाड असते, कारण तिला आट्यांत रुतायचं असतं. .30-06 मधला 06 हा व्यास नाही. तो 1906 या सालाचा, म्हणजे अमेरिकी सैन्याने ते काडतूस घेतलं त्या वर्षाचा आकडा आहे. आणि बारा बोर म्हणजे त्या नळीत बसतील एवढ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड.

जोर आणि धक्का

नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जा आणि संवेग शिकलो, ते इथे कामाला आलं. गोळीचं वजन आणि नळीतून बाहेर पडतानाचा वेग कळला की दोन्ही काढता येतात. पुढचे आकडे अंदाजे आहेत, कारण कारखान्याप्रमाणे थोडा फरक पडतो.

.22 लाँग रायफल : गोळी 2.6 ग्रॅम, वेग 330 मीटर प्रति सेकंद, ऊर्जा 140 ज्यूल.
.275 रिग्बी : 9.1 ग्रॅम, 820 मीटर, 3,000 ज्यूल.
.315 : 15.8 ग्रॅम, 620 मीटर, 3,000 ज्यूल.
.30-06 : 11.7 ग्रॅम, 820 मीटर, 3,900 ज्यूल.
.375 मॅग्नम : 19.4 ग्रॅम, 770 मीटर, 5,700 ज्यूल.
.470 नायट्रो एक्स्प्रेस : 32.4 ग्रॅम, 655 मीटर, 6,900 ज्यूल.

.275 आणि .315 ची ऊर्जा सारखीच आहे, पण एक गोळी हलकी आणि वेगवान, तर दुसरी जड आणि संथ. संवेग काढला तर .315 चा जास्त येतो. जड गोळी खोल शिरते. वेगवान गोळी कमी वाकत जाते, म्हणजे लांबच्या नेमाला सोपी पडते. .275 हे जिम कॉर्बेट यांचं काडतूस. चंपावतची नरभक्षक वाघीण 1907 मध्ये मारल्याबद्दल त्यांना जी रायफल भेट मिळाली, ती .275 रिग्बी होती. मोठ्या जनावरासाठी मोठंच काडतूस लागतं, असा माझा समज होता. हा आकडा पाहून तो बराच कमी झाला.

मग सगळेच .470 का घेत नाहीत? त्याचं उत्तर खांद्याला विचारावं लागतं. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. नुसती गोळी धरून हिशेब केला तर साडेतीन किलोची .315 सुमारे 2.8 मीटर प्रति सेकंद वेगाने मागे येते. चार किलोची .375 आली तर 3.7 मीटरने, आणि तिच्या धक्क्याची ऊर्जा .315 च्या दुप्पट होते. .22 चा वेग 0.3 मीटरसुद्धा नसतो. धक्क्याची भीती बसली की माणूस बार व्हायच्या आधीच डोळे मिटतो आणि घोडा हिसकतो. आपल्या रेंजवर .22 झाडतानाही पहिल्या वर्षी आपण हेच करत होतो. उस्ताद म्हणायचे, "गोळी कारखान्याने नीट बनवली आहे, तुम्ही बिघडवू नका."

गोळीचं नाक

जोराइतकंच महत्त्व गोळीच्या बांधणीला असतं. सैन्याची गोळी पूर्ण तांब्याच्या जाकिटात असते. ती आरपार जाते. शिकारीच्या गोळीचं नाक मऊ, उघड्या शिशाचं असतं. ती अंगात शिरल्यावर फुलते आणि सगळी ऊर्जा आतच सोडते. आपल्या कॅडेटांना यात एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटेल. अशा फुलणाऱ्या गोळ्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बनल्या, म्हणून जगभर त्यांना 'डमडम' हे नाव पडलं. 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात त्या वापरायला मनाई केली, कारण जखमी झालेल्या सैनिकाला अकारण यातना होऊ नयेत. शिकारीत मात्र नेमकं उलटं. तिथे कडक गोळीने आरपार भोक पाडलं तर जनावर जखम घेऊन मैलभर पळतं आणि दोन दिवसांनी मरतं. दोन्ही नियमांमागचं कारण एकच : यातना कमी व्हाव्यात.

कायद्याने ठरवलेली रायफल

आता एक प्रश्न उरतो. जगात शेकडो काडतुसं असताना आपल्याकडे घराघरांत .315 च का दिसते? याचं उत्तर जंगलात सापडत नाही, कायद्यात सापडतं.

इंग्रजांच्या काळात फौजेची रायफल .303 ची होती. ते काडतूस नागरिकांच्या हाती गेलं तर उद्या आपल्याच विरुद्ध वापरलं जाईल, ही सरकारला भीती. म्हणून नागरिकांना .303 बंद. मग इंग्लंडच्या बीएसए कंपनीने त्याच धाटणीची रायफल घेतली आणि ती ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या जुन्या 8 मिलिमीटर काडतुसासाठी केली. त्या काडतुसाच्या बुडाला .303 सारखीच कडा होती, त्यामुळे ते त्या यंत्रणेत बसलं. वर मी .315 चे जे आकडे दिले, ते या मूळ ऑस्ट्रियन काडतुसाचेच आहेत. असाच प्रकार .450 चा झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .450 बंद केली, तर लंडनच्या बंदूकवाल्यांनी तिच्याहून मोठी .470 काढली! बंदी घातल्यावर बंदूक मोठी झाल्याचं हे बहुधा एकच उदाहरण असेल.

स्वातंत्र्यानंतरही सैन्याचे बोर प्रतिबंधितच राहिले आणि पश्चिम बंगालमधली ईशापूरची रायफल फॅक्टरी नागरिकांसाठी .315 बनवत राहिली. आजोबांची रायफल तिथलीच. जुन्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या 1869 सालच्या दारूगोळा कारखान्याची. बंगालची रायफल, खडकीचं काडतूस, मूळ ऑस्ट्रियाचं आणि मालक वर्ध्याचा!

माझा निर्णय

घटक झाले, पर्याय झाले. आता मध्य भारताचं जंगल घ्या. ससा दोन-तीन किलोचा, चितळ नर सत्तर-ऐंशी किलोचा, सांबर दोनशेच्या वर, आणि गवा आठशे-नऊशे किलोचा. या सगळ्यांना एकच काडतूस कसं पुरणार? सशावर .375 झाडली तर ससाच उरणार नाही. गव्यावर .22 झाडली तर बहुधा आपण उरणार नाही. जगभरातले शिकारी 'एकच ठेवायची तर' या प्रश्नाला 1912 मध्ये निघालेल्या .375 चं नाव घेतात, कारण ती हत्तीपर्यंत चालते. पण आपल्या झाडीत दीडशे पावलांपलीकडचं क्वचितच दिसतं. नव्वद टक्के जनावरं सांबराएवढी किंवा लहान. म्हणून मी लिहिलं : ".315, मऊ नाकाची गोळी, नेम 100 मीटरवर बांधलेला. निर्णय – .315 ठेवावी." खाली रेघ ओढली आणि वही आजोबांना दिली.

आजोबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. .470 च्या विनोदाला हसले. मग उठून कपाट उघडलं. रायफल काढताना नेहमीप्रमाणे नळी जमिनीकडे, बोल्ट मागे, आत बोट घालून पाहिलं, मलाही घालायला लावलं, पुन्हा पाहिलं. पन्नासहून जास्त वर्षांत ही रीत त्यांनी एकदाही चुकवली नाही, असं आजी सांगते. रायफलीच्या मागून त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली.

आजोबांची वही

परवानाधारकाला काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो. किती घेतली, किती झाडली. आजोबांनी तो हिशेब या वहीत ठेवला होता, पण नुसता हिशेब नाही. प्रत्येक गोळीपुढे जागा, अंतर आणि काय झालं ते दोन-तीन शब्दांत. पहिली पानं 1968 ची. त्या वेळी वनखात्याचा परवाना काढून ठरलेल्या जंगलात शिकार करता येत असे. रानडुक्कर, चितळ, पुन्हा रानडुक्कर. मग 1969 च्या डिसेंबरातली एक ओळ :

"डोंगरगडपलीकडे. चितळ, नर. संध्याकाळ. 200 पावलं धरलं. एक गोळी. लागली. रक्त नाल्यापर्यंत. सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी अंतर मोजलं, 260."

त्यानंतरच्या सगळ्या ओळींत एकही जनावर नाही. फक्त कागदाचं निशाण.

मी वही घेऊन खोलीत गेलो आणि हिशेब मांडला. आजोबांचं पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे 200 पावलं सुमारे 150 मीटर आणि 260 पावलं सुमारे 200 मीटर. 100 मीटरवर नेम बांधलेली .315 ची गोळी दीडशे मीटरवर माशीच्या टोकापासून साधारण 11 सेंटिमीटर खाली लागते. आजोबांनी तेवढं वर धरलं असणार, म्हणजे अर्धी वीत. पण दोनशे मीटरवर ती 33 सेंटिमीटर खाली जाते. फरक 22 सेंटिमीटरचा, एका वितीचा. चितळाचं काळीज आणि फुप्फुस मिळून जेमतेम वीतभर जागेत असतात. एक वीत खाली म्हणजे पोट किंवा पाय.

मग मी .30-06 चा हिशेब केला. तिची गोळी वेगवान असल्यामुळे तीच चूक 22 ऐवजी 11 सेंटिमीटरची झाली असती. मला वाटलं, चला, उत्तर सापडलं. धावत जाऊन आजोबांना सांगितलं, "तुमच्याकडे .30-06 असती तर चितळ जागच्या जागी पडलं असतं."

आजोबा म्हणाले, "माझ्याकडे .30-06 असती, तर मी तीनशे पावलांवर झाडली असती."

मी गप्प बसलो.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "अरे, रायफल बरोबर होती. काडतूस बरोबर होतं, नाकही मऊ होतं. तुझा कागदही बरोबर आहे. संध्याकाळ झाली होती, अंतर नीट कळत नव्हतं, आणि सोबतचे लोक बघत होते. मी झाडायला नको होती. दोन दिवस आम्ही तो नाला पालथा घातला. तिसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती, भट्टीवर जावं लागलं. ते कुठे मेलं असेल, किती दिवसांनी, हे मला अजून माहीत नाही."

मी आजवर त्यांना विचारायचो की तुम्ही शिकार का सोडली, तेव्हा ते "कायदा आला ना" म्हणायचे. कायदा 1972 चा. त्यानेही लगेच सगळं बंद झालं नव्हतं. काही प्राण्यांसाठी परवाने राहिले होते, ते 1991 च्या दुरुस्तीने गेले. वहीतली शेवटची शिकार मात्र 1969 ची आहे. कायद्याच्या तीन वर्षं आधीची.

उद्देशाची ओळ

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी माझा कागद पुन्हा मागितला आणि पहिल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "सगळ्या कामांना चालेल अशी रायफल. कोणती कामं?"

मी विचार करू लागलो. शिकार? ती कायद्याने बंद आहे. नरभक्षक? वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमाने माणसाला धोकादायक झालेल्या वाघाबद्दलचा निर्णय राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी घ्यायचा असतो. जिवंत पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य नाही, अशी खात्री झाल्यावरच मारण्याचा आदेश देता येतो. यवतमाळ जिल्ह्यातली टी-1 वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीने मारली गेली. तिथल्या गावांतल्या माणसांचे जीव गेले होते, त्यांची भीती खरी होती. तरीही नंतर मोठा वाद झाला. तो वाद कोणत्या बोरची रायफल होती यावर नव्हता. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला की नाही, यावर होता. आज जंगलात सगळ्यात जास्त कामाची 'रायफल' म्हणजे बेशुद्धीचं औषध भरलेली सुई उडवणारी, आणि तिचं काडतूस पशुवैद्य भरतात.

आमच्या छत्तीसगडमधलीच आणखी एक गोष्ट. 1947 साली कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. भारतातल्या रानटी चित्त्यांची ती शेवटची खात्रीशीर नोंद समजतात. ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली, तीही संपादकांच्या तीव्र नापसंतीसह. त्या राजाने चुकीचं काडतूस निवडलं होतं, असं कोणीच म्हणणार नाही. गोळ्या नेमक्या बसल्या. पण 2022 च्या सप्टेंबरात आपल्याला आठ चित्ते नामिबियाहून विमानाने आणून कुनोच्या जंगलात सोडावे लागले.

भिलाईच्या मैत्रीबागेत लहानपणी आजोबा मला पांढरा वाघ दाखवायला न्यायचे. ही बाग 1972 ची, म्हणजे वन्यजीव कायद्याच्याच वर्षाची. ते जाळीपासून लांब उभे राहायचे आणि मला विचारायचे, "किती पावलं आहे रे?" मी सांगायचो ते आकडे नेहमी चुकायचे. तो खेळ का होता, हे मला या मे महिन्यात कळलं.

मी उद्देशाची ओळ खोडली आणि नवीन लिहिली : "आमच्या घरात आज जे काम खरोखर आहे, त्यासाठी एक रायफल निवडणे." मग काम काय, ते लिहावं लागलं. काम एकच निघालं : शिकणं. नेम, श्वास, घोडा हळू दाबणं, आणि नको तेव्हा बोट बाहेर ठेवणं. त्यासाठी .315 चं एक काडतूस झाडण्यापेक्षा .22 ची पन्नास झाडलेली बरी. धक्का नाही, त्यामुळे चूक लपत नाही. डोळे मिटले तर कागदावर दिसतं. बाबांना शिकायचं असेल तर परवानगीच्या रेंजवर जाऊन तेही शिकू शकतात. .22 म्हणजे खेळणं मात्र नव्हे. तिची गोळी दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते, त्यामुळे निशाणामागे मातीचा बांध हवाच.

निर्णय : .22 ठेवावी, .315 द्यावी.

बाबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुला तर दुसरी हवी होती ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग मी अर्ज करतो."

.315 अधिकृत विक्रेत्याकडे द्यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबांनी ती शेवटची साफ केली. त्यांचा हात थरथरत होता म्हणून नळीतून पुलथ्रू मी ओढला. तीन चिंध्या काळ्या निघाल्या, चौथी पांढरी. मग त्यांनी बोल्ट काढून नळी खिडकीकडे धरली आणि मला आतून पाहायला सांगितलं. छप्पन्न वर्षांनंतरही आटे टोकापर्यंत स्वच्छ चमकत होते. मला खूप वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, अजूनही वाटतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे सैन्यात जातील. तिथे रायफल आपण निवडणार नाही, ती आपल्याला दिली जाईल. तिचं काडतूस, तिची गोळी, तिचा पल्ला हे सगळं दुसऱ्या कोणीतरी विचार करून ठरवलेलं असेल. आपल्याकडे उरेल ते एवढंच : अंतर ओळखणं, समोर काय आहे आणि मागे कोण आहे ते पाहणं, आणि झाडायची की नाही हे ठरवणं. ते कोणत्याही कारखान्यात बनत नाही.

निळी वही आजोबांनी मला दिली. जून महिन्यात शाळेत परतल्यावर रेंजच्या पहिल्या दिवशी तिच्यात माझी पहिली ओळ लिहिली : ".22. 25 यार्ड. पाच गोळ्या. चार एका रुपयाखाली झाकल्या जातात. पाचवी बाहेर. घाई केली."